नवऱ्याच्या पाकिटातून बायकोच्या हातात: एलिनॉर रॅथबोन आणि आठवड्याच्या पाच शिलिंगची गोष्ट

६ ऑगस्ट १९४६, मंगळवार. ब्रिटनमधल्या पोस्ट ऑफिसांमध्ये त्या दिवसापासून एक नवी रक्कम मिळायला लागली. दोन किंवा त्याहून जास्त मुलं असलेल्या प्रत्येक घराला, पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. बाप कारकून आहे, खाणीत काम करतो की बेकार आहे, हे कुणी विचारणार नव्हतं. घरात किती शिल्लक आहे याची चौकशीही होणार नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कायद्याने हा पैसा आईचा होता.

ज्या बाईने या पाच शिलिंगसाठी जवळपास तीस वर्षं डोकेफोड केली, ती हे बघायला नव्हती. सात महिने आधी, २ जानेवारी १९४६ ला तिचं लंडनमध्ये अचानक निधन झालं होतं. नाव एलिनॉर रॅथबोन. ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये कुठल्याही पक्षाशिवाय सोळा वर्षं बसलेली खासदार.

आज सरकार घरातल्या बाईच्या हातात थेट पैसे देतं तेव्हा आपल्याला नवल वाटत नाही. वाद होतात ते रकमेवरून. पण पैसे कुणाच्या हातात द्यायचे, पगार कुटुंब बघून ठरवायचा की काम बघून, करात सूट दिली तर ती नेमकी कुणाला पोचते, हे प्रश्न एकेकाळी कुणी विचारतही नव्हतं. रॅथबोन यांनी ते विचारले, आणि आकडेमोड करून विचारले.

श्रीमंत घर, गरीब बंदर

एलिनॉर यांचा जन्म १२ मे १८७२ चा, लंडनमधला. पण घराणं लिव्हरपूलचं. रॅथबोन हे तिथले पिढीजात व्यापारी, जहाजवाले. पैसा भरपूर होता आणि त्याबरोबर समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे अशी घरातली शिस्तही होती. घराण्यातल्या आधीच्या पिढीने गुलामांच्या व्यापाराला विरोध केला होता, तोही अशा शहरात जे त्याच व्यापारावर मोठं झालं होतं. वडील विल्यम रॅथबोन लिबरल पक्षाचे खासदार. पहिल्या बायकोच्या आजारपणात नर्सचा किती उपयोग झाला हे पाहून त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने गरिबांच्या घरी जाणाऱ्या नर्सेसची व्यवस्था लिव्हरपूलमध्ये उभी केली होती. एलिनॉर ही दुसऱ्या बायकोची मुलगी.

१८९३ मध्ये एलिनॉर ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. (नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्यांच्या थोड्याच आधी याच कॉलेजात कायदा शिकून गेल्या होत्या.) एलिनॉर तत्त्वज्ञान शिकल्या, परीक्षा दिल्या, पण पदवी मिळाली नाही. तेव्हा ऑक्सफर्ड बायकांना शिकवायचं, परीक्षा घ्यायचं आणि पदवी मात्र द्यायचं नाही. हा नियम बदलायला १९२० उजाडलं.

शिक्षण झाल्यावर त्या लिव्हरपूलला परतल्या आणि गरीब वस्त्यांमध्ये फिरायला लागल्या. वडिलांना गोदी कामगारांच्या रोजगाराची चौकशी करायची होती, ती एलिनॉर यांनी हाती घेतली. १९०२ मध्ये वडील गेले, पण काम थांबलं नाही.

लिव्हरपूलच्या गोदीत तेव्हा रोजंदारीचा कारभार होता. सकाळी माणसं गोदीच्या दारात गोळा व्हायची, मुकादम हवी तेवढी उचलायचा, बाकीची परत जायची. एका आठवड्यात पाच दिवस काम, पुढच्या आठवड्यात एक दिवस, तिसऱ्यात काहीच नाही. घरभाडं मात्र दर आठवड्याला ठरलेलं, आणि मुलांची भूकही.

१९०९ मध्ये रॅथबोन यांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला, रोजंदारी कामगाराचं घर कसं चालतं यावर. त्यात अशा घरांचे जमाखर्च होते. आठवड्याला किती आले, पाव, चहा, कोळसा, भाडं यावर किती गेले, सावकाराचं व्याज किती, गहाण काय पडलं. वस्तू गहाण टाकायच्या, पैसे आले की सोडवायच्या, पुन्हा टाकायच्या, हे चक्र या घरांमध्ये अंगवळणी पडलेलं होतं.

या जमाखर्चातून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. नवऱ्याला मिळालेली मजुरी आणि घरात आलेले पैसे या दोन वेगवेगळ्या रकमा होत्या. नवरा किती कमावतो हे बऱ्याच बायकांना माहीतच नसायचं. तो हातावर टेकवेल त्यात भागवायचं. तो भला असला तर ठीक. दारूडा असला, किंवा नुसताच बेफिकीर असला, तर मुलांच्या ताटातलं कमी व्हायचं. आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे कुठेच नव्हतं. तिथे कुटुंब म्हणजे एक माणूस आणि त्याची कमाई.

त्याच वर्षी त्या लिव्हरपूलच्या नगरपालिकेवर ग्रॅनबी वॉर्डातून अपक्ष म्हणून निवडून आल्या. त्या शहराच्या पहिल्या निवडून आलेल्या नगरसेविका. बायकांना पार्लमेंटसाठी मत द्यायचा अधिकार नव्हता, तो काळ. मताधिकाराच्या चळवळीत त्या होत्याच, पण काचा फोडणाऱ्या गटात नव्हे, अर्ज-विनंत्या, सभा आणि सह्या गोळा करणाऱ्या गटात.

करसवलत कुणाला मिळाली?

१९०९ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी त्या वर्षीच्या गाजलेल्या बजेटमध्ये मुलं असलेल्या आईबापांना प्राप्तिकरात सूट आणली. वर्षाला ५०० पौंडांपर्यंत उत्पन्न असेल तर सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे १० पौंडांवर कर नाही.

ऐकायला छान. आता हिशेब करू. जुन्या ब्रिटिश चलनात एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स, आपल्याकडच्या रुपये-आणे-पैसारखीच भानगड. मध्यम कमाईवर कराचा दर होता पौंडाला ९ पेन्स. म्हणजे १० पौंडांच्या सुटीतून एका मुलामागे वर्षाला ९० पेन्स वाचायचे, म्हणजे साडेसात शिलिंग.

पण हे वाचायचे कुणाचे? प्राप्तिकर लागायचाच मुळी वर्षाला १६० पौंडांच्या वर कमाई असेल तर. म्हणजे आठवड्याला तीन पौंडांहून जास्त. बहुतेक कामगारांना आठवड्याला दोन पौंडही मिळत नव्हते. त्यांना करच नव्हता, तर सूट कशातून मिळणार? गोदी कामगाराला सहा मुलं असली तरी त्याला या सवलतीतून दमडीही येत नव्हती आणि बँकेतल्या साहेबाला दोन मुलांमागे पंधरा शिलिंग वाचत होते.

करसवलतीचा हा स्वभाव आजही तसाच आहे. ज्याला कर लागत नाही त्याला सूट कामाची नाही, आणि ज्याच्या कराचा दर जास्त त्याला त्याच सुटीतून जास्त फायदा. शिवाय ही सूट जमा होते ती कमावणाऱ्याच्या खिशात. त्या काळात कमावणारा म्हणजे नवरा.

युद्धाने दाखवलेली वाट

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लाखो पुरुष फौजेत गेले. त्यांच्या बायकांचं काय? सरकारने सैनिकांच्या बायकांना भत्ता सुरू केला. तो थेट बायकोला मिळायचा आणि मुलं जितकी जास्त, तितकी रक्कम वाढायची. लिव्हरपूलमध्ये या सैनिकांच्या कुटुंबांच्या मदतीचं काम उभं करण्यात रॅथबोन यांचा मोठा वाटा होता. हजारो घरांचे कागद त्यांच्या हाताखालून गेले.

गरीब वस्तीतल्या बायकांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा दर आठवड्याला ठरलेली रक्कम येत होती. त्या काळातल्या वरच्या वर्गाचा अंदाज असा होता की या बायका पैसे दारूत उडवतील. पोलिसांनी त्यांच्यावर लक्ष ठेवावं असाही प्रकार झाला. रॅथबोन यांना मात्र वेगळं दिसत होतं. घरात सामान येत होतं आणि मुलांच्या पायात बूट.

मग त्यांच्या मनात साधा प्रश्न आला. नवरा लढाईवर गेल्यावर बायकोला मुलांच्या संख्येप्रमाणे पैसे देता येतात, तर शांततेच्या काळात का नाही? १९१७ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांना घेऊन एक छोटी समिती काढली आणि पुढच्या वर्षी पुस्तिका छापली. त्यात दोन मागण्या एकत्र बांधल्या होत्या: बाईला पुरुषाइतकाच पगार आणि मुलांसाठी सरकारी भत्ता.

या दोन्हींचा संबंध काय, असं वाटू शकतं. बायकांना त्याच कामाचा कमी पगार का, असं विचारलं की मालक आणि कामगार संघटना दोघांचंही उत्तर ठरलेलं असायचं: पुरुषाला बायको-पोरं पोसायची असतात. रॅथबोन यांचं म्हणणं, मग पोरांचा खर्च पगारातून वेगळा काढा. तो समाजाने उचलावा. एकदा ते झालं की पगार फक्त कामाचा राहील आणि बाईला कमी द्यायला सबब उरणार नाही.

तीन मुलांचं काल्पनिक कुटुंब

१९१९ मध्ये त्या मताधिकार चळवळीतल्या मोठ्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, मिलिसंट फॉसेट यांच्या जागी. आणि १९२४ मध्ये त्यांचं मुख्य पुस्तक आलं, 'द डिसइनहेरिटेड फॅमिली'. वारसाहक्क नाकारलेलं कुटुंब, असा त्याचा अर्थ.

तेव्हा कामगार चळवळीची मागणी होती की पुरुषाचा किमान पगार नवरा, बायको आणि तीन मुलं अशा पाच जणांना पुरेल एवढा हवा. मागणी न्याय्य वाटते. रॅथबोन यांनी लोकसंख्येचे आकडे काढून त्यातली हवाच काढली.

वीस वर्षांवरच्या कामगार पुरुषांमध्ये बरोबर तीन मुलं अवलंबून असलेले होते शंभरात जेमतेम नऊ. अर्ध्याहून जास्त पुरुषांवर एकही मूल अवलंबून नव्हतं. कुणी अविवाहित, कुणाला मुलं झालेली नाहीत, कुणाची मुलं मोठी होऊन कमवायला लागलेली. सगळ्यांना पाच माणसांचा पगार द्यायचा म्हणजे सुमारे ३० लाख नसलेल्या बायका आणि १ कोटी ६० लाख नसलेली मुलं पोसायची. आणि एवढं करूनही ज्यांच्या घरात तीनपेक्षा जास्त मुलं आहेत, त्यांची वरची साडेबारा लाख खरीखुरी मुलं उपाशीच राहणार. देशाची कमाई तेवढी नव्हतीच, त्यामुळे प्रत्यक्षात पगार मधल्या कुठल्यातरी आकड्यावर थांबायचा. एकट्या माणसाला तो पुरून उरायचा, पाच मुलांच्या बापाला आठवडाही काढता यायचा नाही.

गरिबी सगळ्यात जास्त कुठे आहे, तर जिथे लहान मुलं जास्त आहेत तिथे. आणि पगार हे साधनच असं आहे की त्याला घरात किती तोंडं आहेत हे कळत नाही. पुस्तकाचा गाभा एवढाच. परदेशात काय चाललंय हेही त्यांनी मांडलं होतं. फ्रान्समध्ये काही कारखानदारांनी एकत्र फंड काढला होता. त्यातून मुलं असलेल्या कामगारांना वेगळा भत्ता मिळायचा. फंड सामाईक असल्यामुळे कुठल्या एका मालकाला मुलंबाळं असलेला माणूस कामावर ठेवणं महाग पडत नव्हतं.

हे पुस्तक वाचून एका माणसाचं मत पार बदललं. तो म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक विल्यम बेव्हरिज. त्यांनी आपल्या संस्थेतल्या प्राध्यापकांसाठी मुलांचा भत्ता सुरूही करून टाकला. (हीच ती संस्था, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या सुमारास आपला 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध पूर्ण केला.) बेव्हरिज यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

विरोध घरातूनच

विरोधक कोण होते? सनातनी लोक म्हणत, बापाची जबाबदारी सरकारने घेतली तर बाप आळशी होईल. हे अपेक्षितच होतं. पण सगळ्यात चिवट विरोध कामगार संघटनांचा होता. त्यांची भीती अशी की सरकार मुलांसाठी पैसे देतंय म्हटल्यावर मालक पगार वाढवायचं नाव काढणार नाहीत, उलट कापतील. ही भीती अगदीच पोकळ नव्हती. मंदीच्या काळात काही कोळसा खाणमालकांच्या बाजूने असा विचार मांडला जातच होता की भत्ता आणला तर मजुरी खाली ठेवता येईल.

चळवळीतल्या बायकाही फुटल्या. खुद्द मिलिसंट फॉसेट या भत्त्याच्या विरोधात गेल्या. त्यांच्या मते आईबापांची जबाबदारी काढून घेणं म्हणजे कुटुंबाचा पाया सैल करणं. इतर काहींना वाटे, आपण समान हक्कांसाठी लढायचं की आईपणासाठी? बाईला आई म्हणून पैसे दिले की ती घरातच अडकणार. हा वाद शंभर वर्षांनीही मिटलेला नाही.

रॅथबोन यांची भूमिका सगळीकडे आजच्या वाचकाला पटेल अशीही नव्हती. सुरुवातीला त्यांना मध्यमवर्गाला जास्त आणि कामगारांना कमी असा पायरीपायरीचा भत्ताही चालण्यासारखा होता. तिसाव्या दशकात देशाची लोकसंख्या घटणार अशी भीती पसरली, तेव्हा त्यांनी तोही मुद्दा आपल्या बाजूला जोडून घेतला. ध्येय गाठायला जे हत्यार मिळेल ते त्या वापरत.

१९२९ मध्ये त्या विद्यापीठांच्या मतदारसंघातून अपक्ष खासदार झाल्या. तेव्हा ब्रिटनमध्ये पदवीधरांना विद्यापीठाचा वेगळा खासदार निवडता येत असे. पक्ष नाही, त्यामुळे पक्षादेश नाही आणि मंत्रिपदाची आशाही नाही. जाडजूड बांधा, साधे कपडे, हातात कायम कागदांनी फुगलेली बॅग आणि सिगारेट. पार्लमेंटच्या बोळात त्या समोरून येताना दिसल्या की मंत्री आणि अधिकारी वाट बदलायचे अशी त्यांची ख्याती होती, कारण गाठलं की काम झाल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत.

भारताशी आलेला संबंध

आपल्याकडच्या वाचकाला रॅथबोन हे नाव ओळखीचं असेल तर ते वेगळ्याच कारणाने, आणि फारसं गोड नाही. कॅथरीन मेयो यांचं 'मदर इंडिया' वाचून त्या हादरल्या आणि त्यांनी भारतातल्या बालविवाहाचा प्रश्न हातात घेतला. १९२९ मध्ये लंडनमध्ये त्यांनी भारतीय स्त्रियांच्या प्रश्नावर परिषद भरवली. तिथे धन्वंती रामा राव उठल्या आणि त्यांनी स्पष्ट सुनावलं की आमच्या प्रश्नांवर आमच्या बायका काम करतायत, तुम्ही आम्हाला शिकवायचं कारण नाही. (या धन्वंतीबाईंनी पुढे मुंबईत कुटुंबनियोजनाची देशव्यापी संस्था उभारली.)

रॅथबोन १९३२ मध्ये भारतात येऊन गेल्या. १९३५ च्या कायद्यात जास्त भारतीय स्त्रियांना मत मिळावं म्हणून त्यांनी लंडनमध्ये बरीच खटपट केली. पण भारतीय महिला संघटनांना सगळ्या प्रौढांना मताधिकार हवा होता आणि रॅथबोन नवऱ्याच्या मालमत्तेवरून बायकोला मत यासारख्या तडजोडी पुढे रेटत होत्या. १९४१ मध्ये तर कहर झाला. युद्धात काँग्रेस ब्रिटनला साथ देत नाही म्हणून त्यांनी भारतीयांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. आजारी असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी त्याला सणसणीत उत्तर दिलं. त्यांच्या अखेरच्या जाहीर निवेदनांपैकी ते एक. तुरुंगातून नेहरूंनीही सविस्तर समाचार घेतला.

लिव्हरपूलच्या गरीब बाईला तिचे पैसे कसे खर्चायचे हे तिचं तिला कळतं, असं म्हणणाऱ्या रॅथबोन यांना भारतीयांचं भलं कशात आहे हे भारतीयांना कळतं, हे मान्य करायला जड गेलं. साम्राज्यात वाढलेल्या माणसाची ही मर्यादा त्यांना ओलांडता आली नाही.

काम करणारा तोट्यात

इकडे ब्रिटनमध्ये मंदीने एक विचित्र गोष्ट उघडी केली होती. १९२१ पासून बेकारी भत्त्यात बायको आणि मुलांसाठी वेगळी रक्कम मिळायला लागली होती, सुरुवातीला मुलामागे एक शिलिंग. म्हणजे माणूस बेकार असला की सरकार त्याच्या घरातली तोंडं मोजणार आणि कामावर लागला की मोजणं बंद. कमी पगाराच्या, पाच-सहा मुलांच्या बापाला कामावर जाऊन जे मिळायचं, जवळपास तेवढंच घरी बसूनही मिळायला लागलं.

यावर दोनच मार्ग होते. बेकारांच्या मुलांचे पैसे कापा, नाहीतर काम करणाऱ्यांच्या मुलांनाही द्या. पहिला मार्ग म्हणजे सरळ उपासमार. त्यामुळे आतापर्यंत भत्त्याला नाकं मुरडणारे काही कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारही हळूहळू दुसऱ्या मार्गाकडे वळले.

१९३४ मध्ये रॅथबोन यांनी मुलांच्या किमान गरजांसाठी एक परिषद उभारली. शाळेत दूध द्या, जेवण द्या, भाड्यात सवलत द्या, अशा तिच्या मागण्या. याच काळात शास्त्रज्ञ जॉन बॉइड ऑर यांनी १९३६ मध्ये आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि उत्पन्न कमी तितका आहार निकृष्ट हे आकड्यांनी दाखवलं.

तिसाव्या दशकाच्या शेवटी रॅथबोन यांचा बराचसा वेळ हिटलरपासून पळणाऱ्या निर्वासितांसाठी गेला. त्यावर वेगळा लेख होईल.

पुन्हा युद्ध, पुन्हा संधी

दुसऱ्या महायुद्धात सरकारला दोन चिंता होत्या. युद्धाला पैसा हवा होता, आणि महागाईमुळे सगळे पगारवाढ मागतील ही भीती होती. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९४० मध्ये युद्धखर्चाची योजना मांडली. लोकांच्या कमाईतून जास्त पैसा कर आणि सक्तीच्या बचतीत घ्यायचा, पण मोठ्या कुटुंबांचे हाल होऊ नयेत म्हणून मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग द्यायचे. सगळ्यांचा पगार वाढवण्यापेक्षा ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांनाच पैसे देणं स्वस्त पडतं, हा तो हिशेब. रॅथबोन हेच पंधरा वर्षं सांगत होत्या. त्यांनीही त्याच वर्षी भत्त्याच्या बाजूने पेंग्विनचं छोटं, स्वस्त पुस्तक काढलं.

युद्धात कराची जाळी इतकी खाली आली की लाखो कामगार पहिल्यांदाच प्राप्तिकर भरू लागले. आता करसवलत आणि भत्ता यांची तुलना सामान्य घरातही होऊ लागली.

१९४२ च्या डिसेंबरात बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल आला. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा तो आराखडा. मुलांचा भत्ता, सगळ्यांना आरोग्यसेवा आणि बेकारी रोखणं, या तीन गोष्टी असतील तरच बाकीची योजना उभी राहील असं त्यात गृहीत धरलं होतं. पहिलं मूल सोडून प्रत्येक मुलामागे सरासरी आठ शिलिंग द्यावेत, अशी शिफारस होती. पहिलं मूल का सोडलं? खर्च वाचावा म्हणून, आणि एका मुलाचं साधारण पगारात भागू शकतं म्हणून.

सरकारने आठाचे पाच केले. उरलेलं शाळेतलं दूध आणि जेवण यातून भरून निघेल, अशी सारवासारव केली.

१९४५ च्या सुरुवातीला विधेयक पार्लमेंटमध्ये आलं आणि रॅथबोन यांनी ते उघडून पाहिलं तर काय? भत्ता बापाचा! ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तीच उलटी केलेली. कायद्याने मुलांना पोसण्याची जबाबदारी बापाची, म्हणून पैसे बापाचे, असा सरकारी तर्क.

तोपर्यंत त्या ७२ वर्षांच्या होत्या. आयुष्यभर ज्या विधेयकाची वाट पाहिली, त्याच विधेयकाच्या विरोधात मत देईन, असं त्यांनी सभागृहात जाहीर केलं. पोकळ धमकी देणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. महिला संघटना आणि सगळ्या पक्षांचे बरेच खासदार त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारने पक्षादेश बाजूला ठेवून सदस्यांना मोकळं मतदान करू दिलं, आणि भत्ता आईचा झाला. १५ जून १९४५ ला कायद्यावर राजाची सही झाली.

तीन मुलांच्या घराला यातून आठवड्याला दहा शिलिंग मिळणार होते. कामगार पुरुषाची सरासरी कमाई तेव्हा आठवड्याला सहा पौंडांच्या आसपास होती, म्हणजे १२० शिलिंग. त्यात दहाची भर. शिवाय भत्ता करपात्र होता, म्हणून कर भरणाऱ्या घरांकडून त्यातला काही भाग परत जायचा. रक्कम लहान आहे हे रॅथबोन यांनाही दिसत होतं. पण पैसे प्रत्येक मंगळवारी येणार होते, नवऱ्याचं काम असो वा सुटो.

पाकीट आणि पर्स

मुलांमागची करसवलत मात्र १९४५ नंतरही चालूच राहिली. म्हणजे एकाच मुलासाठी दोन वाटांनी पैसे येत होते. पोस्टातला भत्ता आईला, पगारातली करसवलत बापाला. पहिल्या मुलाला भत्ता नाही, सवलत मात्र आहे. आणि कर लागत नाही इतका कमी पगार असेल तर सवलत नाही.

हा गुंता सोडवायला आणखी तीस वर्षं लागली. १९७५ मध्ये कायदा झाला की भत्ता आणि करसवलत दोन्ही मोडून एकच रक्कम करायची, पहिल्या मुलापासून, आणि ती आईला द्यायची. पण अंमलबजावणीची वेळ आली तेव्हा सरकार कचरलं. करसवलत गेली की नवऱ्यांच्या हातात पडणारा पगार कमी दिसेल, ते भडकतील, कामगार संघटना पगारवाढ मागतील, अशी भीती. १९७६ मध्ये योजना गुंडाळायची तयारी झाली. मंत्रिमंडळाचे कागद फुटले, एका साप्ताहिकात छापून आले आणि एवढा गदारोळ उडाला की सरकारला माघार घ्यावी लागली.

एप्रिल १९७७ पासून पहिल्या मुलालाही पैसे मिळू लागले. करसवलत टप्प्याटप्प्याने काढली गेली आणि एप्रिल १९७९ मध्ये भत्ता प्रत्येक मुलामागे आठवड्याला चार पौंड झाला. बापाच्या पगाराच्या पाकिटातून निघालेली ती रक्कम आता मंगळवारी पोस्टात जाऊन आई घेत होती.